कुंची कुणाच्या हातची

केज तालुक्यात त्या काळी छबुबाईच्या कुंच्यांचं मोठं नाव होतं. बारसं ठरलं की बाळाच्या मामाकडचं माणूस खणाचा तुकडा घेऊन मांजरेच्या काठच्या त्या गावी यायचं, अर्जुनरावांच्या ओसरीवर टेकायचं आणि सांगायचं, "वैनीसायबांच्या हातची कुंची पायजे. डोक्यावर मोर आन् पाठीवर कोयऱ्या." निजामाच्या अमलातल्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनांच्या घरूनही मागणी यायची. त्यांना टोपीच्या काठाला नाहीतर कुर्त्याच्या गळ्याला वेल लागायची. सांगेल तशी नक्षी मिळायची आणि एकासारखी दुसऱ्याला कधी मिळायची नाही.

खुद्द छबुबाईला मात्र अंगरख्याचा बंदसुद्धा धड शिवता येत नव्हता. तिनं घातलेला टाका दुसऱ्या दिवशी सुटायचा. कुंच्या, टोप्या, चोळ्यांच्या बाह्या, देवाच्या पोथीची फडकी, हे सगळं काम तिची धाकटी जाऊ करायची. केसरबाई.

केसरबाईचं माहेर चौसाळ्याचं. घराला लागूनच जैनबबी नावाची एक म्हातारी राहायची. बीडच्या बड्या घरांतल्या बायकांच्या ओढण्यांवर ती कशिदा काढायची. लहानपणी केसर तिच्या दारात जाऊन बसायची, आधी रेशमाचे रंग बघायला आणि मग हातात सुई मिळते म्हणून. जैनबबी फार बोलायची नाही. पोरीनं काम पुढं केलं की ती आधी कापड उलटं करायची. मागच्या बाजूला धाग्यांचा गुंता दिसला की पुढची बाजू बघतच नसे. "फिर से," एवढंच म्हणायची आणि उसवून परत द्यायची. केसर रडायची, परत बसायची. बारा-तेरा वर्षांची होईतो तिच्या कामाला उलट बाजू अशी उरलीच नाही. दोन्हीकडून सारखंच.

लग्न होऊन ती अर्जुनरावांच्या धाकट्या भावाच्या, मोहनरावांच्या घरी आली. दुसऱ्याच वर्षी पटकीची साथ आली आणि मोहनराव गेले. घर जमीनजुमल्याचं, मानपानाचं. असल्या घरात पुन्हा लग्नाचा विषय निघत नसे. केसरबाईचं कपाळ पांढरं झालं, हात मोकळे झाले, अंगावर बिनकाठाचं लुगडं आलं. हळदीकुंकवाला, बारशाला, ओटी भरायला तिनं समोर यायचं नाही असं ठरलं. म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही. ते तसंच असतं, आणि तिलाही ते माहीत होतं. मागच्या खोलीत तिचं अंथरूण गेलं. पुढं दोन वर्षं तिनं सुईला हात लावला नाही.

एके दिवशी दुपारी छबुबाई काहीतरी शोधत त्या खोलीत आली. केसरबाई आपल्या लुगड्याचा फाटका पदर शिवत होती. छबुबाईनं तो पदर हातात घेतला. फाटलं होतं तिथं चिमण्यांची एक रांग बसली होती. लुगड्याच्याच दशा ओढून त्या सुतानं काढलेली, रंग तोच, म्हणून जवळ नेल्याशिवाय दिसू नये अशी.

"हे कधी शिकलीस?"

"माहेरी."

"मग इतके दिस कावून बोलली न्हाईस?"

केसरबाईनं पदर तिच्या हातून सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी छबुबाई हिरवा खण घेऊन आली. "माझ्या भाच्याचं बारसं हाय. कुंची कर."

"अक्का, माझ्या हातची कशी चालंल?"

"कुणाला सांगतंय कोण? नाव माझं सांगते. बोलणी बसली तर मला बसतील. तू कर."

असं ते सुरू झालं आणि दहा-अकरा वर्षं चाललं. बीडहून रेशमाच्या लड्या यायच्या, सोनेरी कलाबतूची गुंडाळी यायची. केसरबाई भिजवलेल्या गेरूत काडी बुडवून कापडावर नक्षी उतरवायची आणि मागच्या ओट्यावर उजेड असेतो काम करायची. गिऱ्हाईक आलं की छबुबाई ओसरीत सुई घेऊन बसायची. कुणी चौकस बाई म्हणालीच, "वैनी, ह्यो टाका कसा घालता, दावा की," तर छबुबाई डोळ्याला पदर लावून म्हणायची, "सकाळपासून डोळ्यातून पाणी यायलंय बाई, उद्या दावते." तो उद्या कधी उजाडला नाही.

पण छबुबाईची खरी थोरवी वेगळीच होती. कुठं बारशाला, लग्नाला जाऊन आली की ती लुगडं बदलायच्या आधी मागच्या खोलीत यायची आणि लोक काय काय म्हणाले ते एक शब्द न गाळता सांगायची. "ती धारूरची म्हातारी म्हनली, मोर आता वरडतोय का काय. कुंची हातात घेऊन बसली, सोडीना." स्तुती तिच्या नावानं व्हायची, पण तिनं त्यातली कणभर स्वतःकडे ठेवून घेतली नाही. केसरबाई मान खाली घालून ऐकायची. ऐकताना सुई थांबायची. छबुबाई गेली की थोड्या वेळानं परत चालायची.

मग मानमोडीचं साल आलं. त्या तापानं गावंच्या गावं झोपली. सरण रचायला माणसं मिळेनात. छबुबाई तरणीताठी, कपाळभर कुंकू, हातभर चुडा. सकाळी अंग मोडून आलं म्हणाली आणि आठवडाभरात गेली. बोलायची शुद्धही राहिली नाही. केसरबाईनं तिचं अंग पुसलं, तिची वेणी घातली. सवाष्णीची ओटी भरायला गावातली दुसरी बाई बोलवावी लागली, कारण ते काम केसरबाईनं करायचं नव्हतं. आपल्या अक्काला दारातून जाताना तिनं खिडकीच्या गजांतून बघितलं.

महिना-दोन महिने गेले. लोक उठून हिंडूफिरू लागले आणि अर्जुनरावांकडे निरोप येऊ लागले. छबुबाईंनी घेतलेली कामं राहिली होती. एकदा जेवण झाल्यावर अर्जुनराव मधल्या दारापाशी थांबले. धाकट्या भावजयीशी ते कधी समोरासमोर बोलत नसत. भिंतीकडे बघत म्हणाले, "वैशाखात दुसरं लगीन करावं म्हनत्यात समदे. घर उघडं ऱ्हातंय. नवी आली म्हंजे काम तिच्या नावानं चालू द्या. तवर कुणी आलं तर सामान माघारी देऊ."

माणूस वाईट नव्हता. त्यानं आपल्या परीनं वाटच काढली होती. केसरबाईनं दाराआडून सगळं ऐकलं.

पहिलं माणूस आलं ते धारूरच्या मुक्ताबाई. मोठं घर, शब्दाला वजन. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांनी अंतरपाटावर काम सांगितलं होतं. नवरानवरीच्या मधे धरायचा तो पांढरा मऊ पट, त्याच्यावर मधोमध तुळशीवृंदावन आणि दोन्ही बाजूंना पोपट. एक पोपट पुरा झाला होता, दुसऱ्याची मान आणि एक पंख.

मुक्ताबाई मधल्या घरात बसल्या. छबुबाईची आठवण काढून खरोखरच रडल्या. "काय हात होता," म्हणाल्या. "गेली आन् हातातली विद्या बी घेऊन गेली. आता असं काम परत दिसायचं न्हाई."

अर्जुनराव ओसरीतून म्हणाले, "अर्धंच ऱ्हायलं बघा. जसं हाय तसं घेऊन जावा."

अंतरपाट घेऊन केसरबाई दाराशी आली. तो मुक्ताबाईंच्या हातात द्यायचा आणि मागं वळायचं, एवढंच काम होतं. पण ती वळली नाही. आता गप्प बसलं की वैशाखात नवी बाई सुई हातात धरून ओसरीत बसणार आणि आपण आणखी कितीतरी वर्षं तिच्या पाठीमागं.

"काम अक्कांचं नव्हतं," ती म्हणाली. "माझं होतं. पहिल्या कुंचीपासनं."

ओसरीतला अर्जुनरावांचा सुपारीवरचा अडकित्ता थांबला.

मुक्ताबाईंचा हात पटावरून हळूच मागं गेला. "माझ्या नातवाची कुंची? गेल्या साली नेलेली?"

"ती बी मीच केलेली."

मुक्ताबाईंची नजर तिच्या पांढऱ्या कपाळाकडे गेली.

"बाळ बरं हाय न्हवं?" केसरबाईनं विचारलं.

त्याचं उत्तर न देता त्या उठल्या. "नको मला ते. ठिवा तुमच्याकडंच." बैलगाडीत बसेपर्यंत त्यांनी मागं बघितलं नाही.

त्या दिवशी अर्जुनराव पहिल्यांदा तिच्याशी तोंड उघडून चिडले. "काय गरज होती? मी वाट काढली होती की न्हाई? आता तालुकाभर होईल."

"दादा, अक्कांला मी नाव दिलं ते मायेनं दिलं," दाराआडून उत्तर आलं. "ते काय वतन न्हाई, एकामागनं एकाच्या नावावर चढवायला."

अर्जुनरावांनी त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. काही घरांतून कुंच्या परत आल्या. एकीनं तर दारातल्या बोरीच्या काट्यांवर अडकवून ठेवली आणि हाक न मारता गेली. पण परत आलेल्या मोजक्याच. बाकीच्या बायकांनी बातमी ऐकली, हळहळल्या, बोटं मोडली आणि कुंच्या पेटीत ठेवून दिल्या. कुंच्या चांगल्या होत्या. टाकवत नव्हत्या.

नवी मागणी मात्र थांबली. केसरबाई दळण-कांडण करायची, गोठ्याचं बघायची. बोरीवरची कुंची तिनं काट्यांतून एक धागा न तुटता सोडवली आणि धुऊन ठेवली. पस्तावली का, असं तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक.

सुगी आटोपली, रानं मोकळी झाली आणि मेंढरांचे कळप आले. अर्जुनरावांच्या वावरात दर साली एक धनगराचं कुटुंब मेंढरं बसवायचं. लेंड्यांचं खत मिळायचं म्हणून. त्या कुटुंबातली कडूबाई एका सकाळी मागच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. पाठीला झोळीत महिन्याभराचं लेकरू. हातात काळ्या घोंगडीचा तुकडा आणि पांढऱ्या लोकरीचा गुंडा.

"ह्याची कुंची पायजे," ती म्हणाली.

"कडूबाई, मी कोण ते ठावं हाय न्हवं तुला? माझं कपाळ..."

"समदं गाव सांगतंय की. न ठावं व्हायला काय झालं?" तिनं लेकरू पुढं घेतलं. "ह्याच्या आधी माजी तीन गेली. धा लेकरांच्या आईकडनं कुंची आणली, देवीला पदर पसरला, लई चांगल्या चांगल्या हातांचं घातलं त्यांच्या अंगावर. गेलीच की. आता मला बी बाया कुणाच्या बाळंतिणीपाशी फिरकू देत न्हाईत."

केसरबाईनं लेकराकडं बघितलं आणि तिला भीती वाटली. मुक्ताबाईंसमोर वाटली नव्हती एवढी. हे गेलं, तर सगळा तालुका काय म्हणेल ते तिला ऐकू येत होतं. त्याहून वाईट म्हणजे आपण स्वतःला काय म्हणू तेही. तिनं ते सांगून टाकलं. "ह्याला काय झालं तर माझ्याच्यानं सोसायचं न्हाई गं. तू दुसरीकडं जा."

कडूबाई ओट्याच्या कडेला बसली. शांतपणे म्हणाली, "हे बघा बाई. गेलं तर तुमच्या हातानं गेलं असं मी म्हननार न्हाई. ऱ्हायलं तर तुमच्यामुळं ऱ्हायलं असं बी म्हननार न्हाई. रानात थंडी लई हाय. त्याचं डोकं उघडं पडतंय. मला कुंची पायजे."

केसरबाईनं घोंगडीचा तुकडा हातात घेतला. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी नुसती कुंची मागितली नव्हती. बरोबर कायम काहीतरी असायचं, शकुन असायचा, दृष्ट असायची, मान असायचा.

"नक्षी काय काढू?"

"आमाला काय कळतंय? आमची मेंढरं काढा."

मेंढरू केसरबाईनं कधी काढलं नव्हतं. मोर, पोपट, हत्ती डोळे मिटून निघाले असते. जैनबबीच्या नक्षीतही मेंढरू नव्हतं. एक-दोनदा गेरूनं काढून बघितलं तर शेळी होई, नाहीतर उशी. मग ती डोक्यावरून पदर घेऊन निघाली आणि भर दिवसा, गावाच्या मधल्या वाटेनं, वावरात गेली. नवरा गेल्यापासून ती त्या वाटेनं एकटी गेली नव्हती. पारावरची माणसं बोलायची थांबली. ती कुणाकडे न बघता पुढं गेली आणि बांधावर बसून दुपारपर्यंत कळप बघत राहिली. मेंढरू मान खाली घालून चरतं तेव्हा पाठ आणि डोकं एका रेघेत येतं. कान आडवे पडतात. कळपात एक तरी कायम उलट्या दिशेला तोंड करून उभं असतं. हे तिनं बघून घेतलं.

घोंगडी लेकराच्या कानाला टोचू नये म्हणून आतून अस्तर हवं होतं. घरात तसं मऊ कापड एकच होतं. तिनं मुक्ताबाईंचा अंतरपाट काढला, मांडीवर पसरला आणि कात्री चालवली. तो पुरा झालेला पोपट बरोबर लेकराच्या टाळूवर, आतल्या बाजूला आला. बाहेर काळ्या घोंगडीवर साखळी टाक्यानं पांढरी मेंढरं कपाळापासून पाठीपर्यंत चरत गेली, आणि मानेपाशी एक उलट तोंड करून उभं राहिलं.

कडूबाईनं कुंची घेतली, आतबाहेर बघितली, लेकराच्या डोक्यावर बांधली. उलट्या मेंढरावर बोट ठेवून हसली. "हे आमचंच हाय," म्हणाली.

कळप पुढं गेला. ती थंडी केसरबाईला फार जड गेली. रानातून कुणी आलं की ती कडूबाईचं विचारायची, आणि उत्तर येण्याच्या आत घागर घेऊन आत जायची. पाऊस झाला, पिकं आली, गेली. पुढल्या सुगीनंतर कळप परत आला तेव्हा कडूबाईच्या बोटाला धरून एक पोरगं डुलत डुलत चालत होतं. डोक्यावर तीच कुंची, आता घट्ट झालेली, कानांच्या वरच राहिलेली. कडूबाई त्याला घेऊन मुद्दाम मधल्या वाटेनं आली. पाणवठ्यावरच्या बायकांनी घागरी बाजूला ठेवून ती कुंची हातात घेऊन बघितली.

मग बायका येऊ लागल्या. पहिल्यांदा मागच्या दारानं, तिन्हीसांजेला, कुजबुजत. त्यांचं म्हणणं आता वेगळंच होतं. "केसरबाई, तुमच्या हाताला गुण हाय म्हनं. तीन गेलेलीचं लेकरू राखलं तुमी."

इथं केसरबाईचं खरं मोठेपण दिसतं. जो हात अकरा वर्षं लपवावा लागला त्याला लोक आता शुभ म्हणत होते. नुसतं गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती प्रत्येकीला तेच सांगायची. "राखलं त्याच्या आईनं. रानात शेकोटीपाशी घेऊन बसली ती. गुण पायजे असंल तर देवळात जावा. कुंची पायजे असंल तर बसा, आन् कुंची कोण करतंय ते घरात सांगून या. माझ्याकडचं काम लपवून न्यायचं न्हाई." काही बायका उठून जात. काही बसत. हळूहळू बसणाऱ्या जास्त झाल्या आणि पुढच्या दारानं येऊ लागल्या.

ठरल्याप्रमाणं वैशाखात घरात आलेली अर्जुनरावांची नवी बायको सावित्रीबाई पुढं वर्षा-दीड वर्षात बाळंत झाली. बारशाच्या आधी घरातल्या मोठ्या बायकांत बरीच कुजबूज झाली. अर्जुनराव बीडला गेले होते. आले ते काखेत एक पुडकं घेऊन. तडक मागच्या ओट्यापर्यंत आले, जिथं ते कधी येत नसत, आणि डाळिंबी खण नि रेशमाच्या लड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. "मोर नको," एवढंच म्हणाले. "समद्यांचेच मोर हायत." नंतर क्षणभर थांबून, "छबूला चिमण्या लई आवडायच्या." केसरबाईनं चिमण्या काढल्या. त्या दिवसापासून घरातलं बोलणं पुन्हा सुरू झालं, आणि बारशाच्या दिवशी पाळण्यापासून हाताच्या अंतरावर केसरबाई बसली होती. तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मुक्ताबाई परत कधी आल्या नाहीत. त्यांच्या लेकीचं लग्न साध्या पटावर झालं आणि सुखाचं झालं असं ऐकण्यात आलं. केसरबाईला त्याचं बरं वाटलं.

मानमोडीनं विधवा झालेल्या गावातल्या दोघी-तिघी तिच्याकडे शिकायला येऊन बसू लागल्या. ती आधी त्यांचं कापड उलटं करून बघायची. रागवायची नाही, पण उसवायला लावायची.

पुढं वय झालं तसे तिचे डोळे बारीक रेशमाला साथ देईनात. सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागायची. कुंच्यांचं काम तिनं त्या शिकलेल्या बायकांवर सोपवलं आणि स्वतः बैलांच्या झुली घेतल्या. जाड सूत, मोठी सुई, हातभर लांब नक्षी, बोटांनी चाचपून काम होई. पोळा जवळ आला की तिच्या ओट्यासमोर शेतकरी आपापले बैल आणूनच उभे करायचे. केसरबाई बैलाच्या पाठीवरून हात फिरवायची, वशिंडाचा उंचवटा मापायची, कुठं दोरीचा घट्टा पडलाय ते बघायची आणि झूल तिथं दुहेरी करायची. मालक म्हणायचा, "बाई, शेजाऱ्यापरीस भारी करा बरं का."

"तुझ्या बैलाला काय आवडतं ते सांग," ती म्हणायची, आणि तो बिचारा विचारात पडायचा.